भूमिगत वायू आणि वायुभार : कोळसा खाणींपासून लॉस्कोपर्यंत

प्रस्तावना :
मातीच्या कणांमधील पोकळ्यांत साठलेला वायू स्थिर नसतो. बाहेरील हवेचा दाब उतरला की तो प्रसरण पावून भेगांवाटे बाहेर पडू लागतो. ब्रिटनमधील कोळसा खाणींना हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. ते ज्ञान खाणीबाहेर पोहोचण्यास किती विलंब लागला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

खाणीतील अनुभव :
खाणीतील मिथेन हवेत साधारणतः ५ ते १५ टक्के या प्रमाणात मिसळल्यास स्फोटक ठरतो. ब्रिटिश हवामान कार्यालयाचे संचालक रॉबर्ट स्कॉट आणि खाणतज्ज्ञ विल्यम गॅलोवे यांनी १८७२ मध्ये खाणींतील स्फोट व हवामान यांचा संबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्याच वर्षीच्या कोळसा खाण नियमन कायद्याने खाणीच्या प्रवेशद्वाराजवळ वायुभारमापक व तापमापक ठेवणे बंधनकारक केले. उतरता पारा हा खाणीसाठी धोक्याचा इशारा ठरला.

लॉस्को येथील दुर्घटना :
डर्बीशायरमधील लॉस्को या गावी विटांच्या मातीसाठी खोदलेली जुनी खाण पुढे घरगुती कचऱ्याने भरून मातीने झाकण्यात आली. प्राणवायूविना कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन व कार्बन डायऑक्साइड निर्माण होत राहिले. वरच्या आच्छादनामुळे वायूला सरळ वर जाण्यास अडथळा होता. मात्र बाजूच्या खडकांतील भेगा मोकळ्या होत्या. २४ मार्च १९८६ रोजी अवघ्या सात तासांत वायुभार २९ मिलिबारने घसरला. हा फरक एकूण वायुभाराच्या तीन टक्क्यांहूनही कमी होता; पण तेवढ्यानेच साठलेला वायू एका बंगल्याखाली जाऊन पोहोचला. सकाळी झालेल्या स्फोटात बंगला उद्ध्वस्त झाला आणि तिघे जण गंभीर जखमी झाले.

हा परिसर कोळशाच्या पट्ट्यातील असल्याने वायूचे मूळ ठरविणे आवश्यक होते. कोट्यवधी वर्षे जुन्या कोळशातील मिथेनमध्ये किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो, तर ताज्या कचऱ्यातील मिथेनमध्ये तो आढळतो. हा वायू कचराभूमीतूनच आल्याचे तपासात सिद्ध झाले. १९८९ मध्ये ब्रिटनच्या प्रदूषण निरीक्षक विभागाने कचराभूमीतील वायूविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

मृदेची भूमिका :
केवळ वायुभारावरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. पावसाने पृष्ठभागाची छिद्रे पाण्याने भरली किंवा थंडीने माती गोठली, तर वायूची ऊर्ध्व वाट बंद होते आणि तो आडवा पसरतो. घराखालची माती तुलनेने कोरडी राहत असल्याने घर हीच त्याची सोयीची वाट ठरू शकते. म्हणूनच एकाच दिवशी घेतलेले वायूचे मापन फसवे ठरू शकते; वायुभार उतरत असतानाच्या नोंदी अधिक महत्त्वाच्या असतात.

निष्कर्ष :
१८७२ चा कायदा आणि लॉस्कोची दुर्घटना यांत ११४ वर्षांचे अंतर आहे. लॉस्को येथे निसर्गनियम नवा नव्हता. खाणशास्त्राला ज्ञात असलेली गोष्ट कचरा व्यवस्थापनाच्या व्यवहारात उतरली नव्हती, इतकेच. ज्ञानशाखांमधील अशा भिंतींची किंमत अनेकदा त्या शाखांशी संबंध नसलेल्या सामान्य रहिवाशांना मोजावी लागते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.