दाभाडीचा ठराव आणि हात वर करणारे

अधिवेशनात ठराव संमत झाला, की प्रतिनिधींची विचारसरणी कळली असे आपले इतिहासलेखन सर्रास गृहीत धरते. मालेगाव तालुक्यातील दाभाडी येथे शेतकरी कामगार पक्षाने १९५० साली मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. तो ‘दाभाडी प्रबंध’ आजही पक्षाची वैचारिक ओळख म्हणून सांगितला जातो. पण ती ओळख नेमकी कुणाची?

केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमार्गे आलेले, नाना पाटील साताऱ्याच्या प्रतिसरकारातून. मार्क्सवादी परिभाषा सहज बोलणारे शंकरराव मोऱ्यांसारखे थोडेच. ‘बहुजन समाज’ हा शब्द ज्याच्या ओठी रुळलेला होता, त्याला ‘श्रमजीवी वर्ग’ हे त्याचेच नवे नाव वाटले असणार, असा माझा तर्क आहे. शेटजी-भटजी जाऊन भांडवलदार-जमीनदार आले. रोष जुनाच राहिला. हात वर झाले ते सिद्धान्तासाठी किती आणि काँग्रेसवरील रागापोटी किती, हे मतमोजणी सांगत नाही.

पुढच्या घडामोडी मात्र थोडेफार सांगतात. दत्ता देशमुख, नाना पाटील प्रभृती बाहेर पडले व त्यांनी कामगार किसान पक्ष काढला. १९५२ च्या निवडणुकीत अपेक्षाभंग झाला. १९५४ मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले. पुढे खुद्द मोरेही. दाभाडीच्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तिथे उद्धवराव पाटील आणि कंधारचे केशवराव धोंडगे यांनी तोच लाल बावटा नंतर कित्येक वर्षे खांद्यावर वाहिला.