काणकोण महाल

गोमंतकाच्या दक्षिण टोकाकडे जाताना करमलघाट ओलांडला की काणकोणची भूमी लागते. पश्चिमेस सागर, पूर्वेस सह्याद्री आणि दक्षिणेस पोळे येथे कारवारची सीमा, असा हा सुमारे ३५२ चौरस किलोमीटरांचा महाल होय. २०११ च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या अवघी ४५,१७२ भरली. मुख्य ठाण्याचे नाव चावडी. गावकारभार जेथे बसून चालतो त्या जागेचेच नाव नगरास लाभावे, हे या महालाच्या प्रकृतीस शोभणारेच आहे.

हा प्रदेश पूर्वी सोंदेकर राजांच्या सत्तेखाली होता. १७६३ मध्ये हैदरअलीने सोंदे घेतले, तेव्हा तेथील राजाने पोर्तुगीजांचा आश्रय केला आणि काणकोण फिरंगी अमलाखाली आले. तिसवाडी, बारदेश व साष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवालयांवर जे अरिष्ट कोसळले, त्यातून हा महाल वाचला, तो या उशिरामुळेच. नव्या काबिजादींतील प्रजेच्या धर्माचारांस व रीतिरिवाजांस हात न लावण्याचे धोरण तोवर राज्यकर्त्यांनी पत्करले होते. म्हणूनच श्रीस्थळचा मल्लिकार्जुन आपल्या मूळ स्थानीच राहिला, आणि त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार १७७८ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज अमलातच झाला!

वस्ती मात्र एकजिनसी नाही. डोंगरात वेळीप, गावडे, कुणबी. त्यांच्या शेजारी गुरांचे कळप राखणारे धनगर-गवळी. पैंगीण, लोलये येथील आगरांत सारस्वतादी घराणी. किनाऱ्यावर पागी व ख्रिस्ती बांधव. घरात कोंकणी, पोथीकीर्तनात मराठी, सीमेपलीकडील व्यवहारात कानडी आणि १९६१ पर्यंत कचेरीत पोर्तुगीज, अशी चार भाषांची ये-जा येथे होती. पर्तगाळीच्या मठात येणाऱ्या यात्रेकरूंस हे भाषावैचित्र्य अपरिचित नाही. शिरशारान्नीच्या उत्सवात तीन पुरुषांची मस्तके जुळवून त्यांचीच चूल करतात व वर अन्न शिजवितात. हा विधी पाहणाऱ्यास मल्लिकार्जुनाची उपासना या मातीत किती खोल गेली आहे, ते सांगावे लागत नाही.

परंतु सरकारी दप्तराने ज्यास उशिरा ओळखले, तो याच डोंगरातील माणूस. कुमेरी, म्हणजे डोंगरउतारावरील फिरती शेती, हे त्याचे परंपरागत उपजीविकेचे साधन. १९६८ मध्ये खोतीगावच्या सुमारे ८६ चौरस किलोमीटर रानाचे अभयारण्य झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारी कुटुंबे संरक्षित वनातील रहिवासी ठरली. अरण्य राखणे अवश्य होते. पण ते तोवर कोणी राखले, हा प्रश्न त्या वेळी कोणी फारसा विचारला नाही.

गावडा, कुणबी व वेळीप यांची नावे २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आली. धनगर-गवळ्यांचे आले नाही. हा भेद केवळ कागदी नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखविली की पुरे. इतर वननिवासीयांस तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. एकाच डोंगरावरील दोन शेजाऱ्यांस अशी दोन मापे लागली. त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट ही, की या कायद्याच्या नियमांत लेखी दस्तऐवजांबरोबर गावातील वृद्धांची जबानी, जुन्या विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने यांसही पुरावा म्हणून मान्यता मिळाली आहे.