ल ग्रे यांची सागरी छायाचित्रे
फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) यांनी १८५६ ते १८५८ या काळात नॉर्मंडीचा किनारा आणि भूमध्य समुद्रावरील सेत बंदर येथे टिपलेली छायाचित्रे. त्या काळी काचेवर ओले कलोडियन पसरून निगेटिव्ह तयार करीत. हे रसायन निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील असल्याने समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश जळून जाई आणि छापील प्रतीत ते कोरे, पांढरे दिसे. ढगांसाठी थोडा वेळ प्रकाश दिला, तर पाणी काळेभोर राही. म्हणून ल ग्रे यांनी आकाश आणि समुद्र यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह घेतल्या आणि क्षितिजरेषेवर जुळवून त्या एकाच कागदावर छापल्या. सेत येथील ‘महालाट’ (१८५७) हे त्याचे सर्वांत प्रभावी उदाहरण.

या पद्धतीला बनावट म्हणणारा आक्षेप वरवर सबळ वाटतो. एकच ढगाळ आकाश त्यांच्या एकाहून अधिक चित्रांत आढळते, हेही खरे. तेवढ्यापुरते ते चित्र त्या दिवसाच्या हवामानाचा पुरावा ठरत नाही. परंतु कोरे आकाशही सत्य नव्हते. ती रसायनाची मर्यादा होती. किनाऱ्यावर उभ्या माणसाच्या डोळ्याला ढग आणि लाट दोन्ही एकाच वेळी दिसतात, आणि ल ग्रे यांनी जपली ती हीच अनुभूती. शिवाय फुटणारी लाट गोठवण्याइतका अल्प प्रकाशकाल त्यांनी साधला, त्यात जोडकामाचा काहीच वाटा नव्हता. निसर्गछायाचित्रणात छपाईलाही निर्मितीचा दर्जा मिळाला, त्याचे मोठे श्रेय या चित्रांना द्यावे लागते.