फेल म्हणजे क्रियापद

आमच्या घरात दहावीला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. 1996 सालच्या जून महिन्यात मॅट्रिकचा निकाल लागला आणि मी इंग्रजीत नापास झालो. नांदेडच्या जुन्या वस्तीतले आमचे घर, बाहेर ओसरी, ओसरीवर तक्क्याला टेकून बसलेले आबा, म्हणजे माझे आजोबा. मी गुणपत्रिका खिशात दडवून आत शिरत होतो, तेवढ्यात त्यांनी हटकले.

"काय झालं रे? तोंड लपवायलास कशाला?"

"आबा, इंग्रजीत फेल झालो."

आबा क्षणभर गप्प राहिले आणि मग चक्क हसले. म्हणाले, "अरे बाबा, फेल म्हणजे क्रियापद! आम्हाला मौलवीसाहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. फेलवाचून जुमला उभा राहत नाही. आता रडणं पुरे. ऑक्टोबरला अजून चार महिने आहेत."

वाचकहो, हा केवळ शब्दावरचा खेळ नव्हता. आबांचे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेले. उर्दू व्याकरणात क्रियापदाला 'फेल' म्हणतात. कर्त्याला 'फाइल', कर्माला 'मफऊल'. भूतकाळ 'माजी', वर्तमानकाळ 'हाल', भविष्यकाळ 'मुस्तकबिल'. आबांनी पुढे जन्मभर कारकुनी केली, त्यामुळे ते म्हणायचे, "फाइल म्हणजे कर्ता हे मौलवीसाहेबांनी सांगितलं तेव्हा समजलं नव्हतं. कचेरीत गेल्यावर समजलं. तिथं माणूस काही करत नाही, जे करते ते फाइलच करते."

त्या चार महिन्यांत मी इंग्रजी शिकलो ते असे उर्दूच्या वाटेने, मराठी ओसरीवर. पुढे मी स्वतः शिकवू लागलो तेव्हा मनात आले, की मराठवाड्यातल्या माणसाने इंग्रजी शिकावे यासाठी एवढा वळसा का पडला असेल? त्या शोधातून जे हाती लागले ते या दिवाळीला तुमच्यापुढे ठेवतो.

हैदराबाद संस्थानात साधारण चौथा हिस्सा लोक मराठी बोलणारे. त्यांचे जिल्हे पाच: औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा म्हणून ते वेगळे झाले 1982 साली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरबारातून फारसी गेली आणि तिच्या जागी उर्दू आली. खालच्या वर्गांत काही ठिकाणी मराठी चाले. वर चढले, की गणित, भूगोल, इतिहास सारे उर्दूतून. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठरले. परकीय इंग्रजीऐवजी देशी भाषेतून विज्ञान शिकवणारे विद्यापीठ म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते खोटे नव्हते. पुस्तके उर्दूत आणण्यासाठी मोठे भाषांतर खाते उघडले गेले, मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान त्यात राबले, हजारो पारिभाषिक शब्द घडले. पण देशी भाषा म्हणजे कोणाची देशी? नांदेडच्या मराठी पोराला उर्दूही शिकावीच लागे, आणि इंग्रजी सक्तीचा विषय होतीच. घरची एक भाषा, शाळेची दुसरी, परीक्षेत पाडणारी तिसरी.

तिकडे मुंबई इलाख्यात वाट निराळी होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली मराठीचे व्याकरण छापले. लिंडले मरे या व्याकरणकाराच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या पोराला नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद असे घरचे आठ शब्द ठाऊक झाले, की इंग्रजीचे आठ भाग त्याला अर्धे ओळखीचे वाटत. पुढे त्याच्या हाती तर्खडकरी भाषांतर पाठमाला येई. एक वाक्य मराठीचे, एक इंग्रजीचे, असे करत पिढ्यान् पिढ्या त्या पाठमालेवर इंग्रजी शिकल्या.

आमच्याकडे व्याकरण आले ते अरबीच्या परंपरेतून. त्यात शब्दांच्या जाती आठ नाहीत, तीनच: इस्म, फेल आणि हर्फ. नाम, सर्वनाम, विशेषण हे सगळे इस्मच्या पोटात. क्रिया दाखवणारा तो फेल. उरलेले जोडणारे-बांधणारे बारके शब्द म्हणजे हर्फ. मला विचाराल तर शिकाऊ पोराला तीन खण आठांपेक्षा सोपे. आबांनी माझ्याकडून हेच करवून घेतले. इंग्रजी वाक्य समोर आले, की आधी फेल शोध. मग फेलच्या आधी फाइल, फेलनंतर मफऊल. "मराठीत अन् उर्दूत फेल शेवटी बसतो, घरच्या म्हाताऱ्यासारखा," ते सांगत. "इंग्रजीत तो मधे बसतो, तराजूच्या काट्यासारखा. इकडं फाइल, तिकडं मफऊल." 'राम आंबा खातो' याचे 'राम मँगो ईट्स' असे मी दहा वर्षे करत आलो होतो. तराजू डोळ्यांपुढे आला आणि ती खोड एका आठवड्यात गेली.

मराठी माणसाला इंग्रजीत कोठे ठेच लागते तेही त्यांना नेमके माहीत होते. आपण शब्दाला ने, ला, चा, त असे प्रत्यय लावतो, म्हणून शब्द पुढे-मागे झाले तरी अर्थ बिघडत नाही. 'रामाने रावणाला मारले' म्हणा, की 'रावणाला रामाने मारले' म्हणा, मेला रावणच. इंग्रजीत जागा बदलली की राम मरतो! तिथे प्रत्ययाचे काम जागा करते. आणि तिथला 'द' हा शब्द तर आपल्याकडे नाहीच. आबा म्हणत, "ज्याची ओळख झाली त्याला 'द' लाव. अनोळखी पाहुण्याला 'अ'." सगळ्याच ठिकाणी हा नियम पुरत नाही, पण मॅट्रिकला पुरला.

पण एवढे जाणणारा हा माणूस इंग्रजी बोलत मात्र नसे. त्याचे कारण मला त्यांच्या अखेरच्या दिवसांत कळले.

निजामी राजवटीत मराठी लोकांनी आपल्या शाळा काढल्या नाहीत असे नाही. औरंगाबादची सरस्वती भुवन 1915 ची. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 ची, जिथे स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले. पुढे 1935 पासून ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. 1938 साली 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. उर्दूतून शिकलेल्या त्या मुलांसमोर नागपुरात पुस्तके आली ती इंग्रजी. देशासाठी घर सोडायचे आणि पुन्हा नव्या भाषेत पहिल्या बाकावर बसायचे, ही त्या पिढीची परीक्षा होती.

आबा त्या वेळी लहान होते. त्यांची पाळी दहा वर्षांनी आली. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली. रझाकारांच्या धाकातून गाव मोकळे झाले, आबांनीही चौकात पेढे वाटले. पण उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम बदलले ते मराठी झाले नाही, इंग्रजी झाले, आणि 1958 साली मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत आमच्या भागातली महाविद्यालये उस्मानियालाच जोडलेली होती. कचेऱ्यांतूनही उर्दू उतरली आणि इंग्रजी चढली. आबांचे सुरेख उर्दू अक्षर एका रात्रीत बिनकामाचे झाले. बढतीसाठी खात्याची तोंडी परीक्षा होती, इंग्रजीतून. व्याकरण त्यांना समोरच्या साहेबापेक्षा जास्त येत असावे. पण सगळ्या शाळकरी वयात इंग्रजीचे एकही वाक्य त्यांनी मोठ्याने उच्चारले नव्हते. इंग्रजी फक्त उलगडून दाखवायची, बोलायची नाही, असाच तो अभ्यास होता. साहेबाने नाव-गाव विचारले आणि यांच्या तोंडातून शब्द फुटला नाही. खोलीत हसू झाले. पुन्हा त्या परीक्षेला ते बसले नाहीत, आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले.

"आबा, मौलवीसाहेबांचा राग येतो का?" मी विचारले.

"त्यांचा कशाला? राज्य त्यांचं नव्हतं, शाळाच त्यांची होती. माझी फी त्यांनी दोनदा भरली. भाषा लादणारा वेगळा अन् शिकवणारा वेगळा. दोघांचा हिशेब एका वहीत लिहू नये."

नापास होण्याविषयी नांदेडकराला तसा न्यूनगंड असू नये. आमच्या गावचे नरहर कुरुंदकर गुरुजी इंटरच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पार पडले नव्हते. 1955 पासून ते प्रतिभा निकेतन शाळेत शिकवत होते, 1963 साली पीपल्स कॉलेजात आले आणि पुढे तिथलेच प्राचार्य झाले. परीक्षा आणि विद्या यांची गाठ दर वेळी पडतेच असे नाही.

मी ऑक्टोबरात सुटलो. पुढे शिकलो नाही. कादंबऱ्या लिहितो, आणि लातुरात एका लहानशा विनाअनुदानित शाळेत खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्षे वाढली, भीती तेवढीच राहिली.

शिकवताना मला ऑग्डेन या इंग्रज पंडिताच्या यादीची माहिती झाली. 1930 साली त्याने 850 शब्दांत भागणारी इंग्रजी तयार केली. तिच्यात क्रियापदे फक्त 18. खाणे नाही, अन्न 'घेणे' आहे. मला हसू आले, कारण हे आपण रोज करतो. मदत करणे, उडी मारणे, हाक देणे: नाम बदलायचे, करणे-मारणे-देणे तेच. मराठी पोराला ही युक्ती परकी नाहीच. मात्र त्या यादीत गाय आहे, नांगर आहे, पण बैल नाही! लातूर भागात बैलाशिवाय नांगराची गोष्ट सांगायची कशी? म्हणून ठरवले, की यादी मुलांचीच घ्यायची. एकदा विचारले, "घरी कोणकोणते इंग्रजी शब्द बोलता?" मोटर, पंप, पाइप, स्टार्टर, फ्यूज, बोअर, डॉक्टर, बिल, लेट, ड्यूटी. तास संपला, फळा भरला, हात वरच होते. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिने वर्षभर तोंड उघडले नव्हते, म्हणाली, "गुरुजी, 'लोडशेडिंग' राहिलं."

मी तिला फळ्याजवळ बोलावले. तिच्याच तीन शब्दांचे वाक्य तराजूत बसवले आणि सांगितले, "आता मोठ्याने म्हण." ती म्हणाली. चुकली. वर्ग हसू लागला, तसा मी वर्गालाच ते वाक्य म्हणायला लावले. सगळे चुकले. मग हसायला कोणी उरले नाही.

आता आमच्या वर्गाचा नियम एकच आहे: रोज प्रत्येकाने एक वाक्य मोठ्याने बोलायचे, चुकले तरी चालेल. व्याकरण नंतर येते, आणि येतेच.

आबांची जुनी वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. पानाच्या डावीकडून इंग्रजी निघते, उजवीकडून उर्दू, आणि दोघी जिथे भेटतात तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ कोंबलेला. मराठीला जागा अशी मधल्या फटीतच मिळाली होती. नवीन वर्ग सुरू झाला, की मी ते पान मुलांना दाखवतो आणि फळ्यावर तीन रकाने आखतो. मधला सगळ्यात रुंद ठेवतो.