फोनमधली फाइल संगणकात: यूएसबी जोडणीचा इतिहास

मोबाइल फोनमधली माहिती संगणकात नेण्याची सोय स्मार्टफोनच्या आधीपासून आहे. सुरुवातीला त्यासाठी सिरियल केबल किंवा इन्फ्रारेड वापरत. प्रत्येक कंपनीची केबल निराळी आणि संगणकात बसवायचे सॉफ्टवेअरही निराळे. नोकियाचे ‘पीसी सूट’ त्यांपैकी सर्वाधिक परिचित. या मार्गाने मुख्यतः फोन नंबर, संदेश आणि लहानसहान चित्रे जात.

एकच जोडणी सर्वांना चालावी, या हेतूने यूएसबीचा जन्म झाला. कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी आखलेले हे मानक जानेवारी १९९६मध्ये प्रसिद्ध झाले. इंटेलमध्ये या कामाचे नेतृत्व करणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. पहिल्या यूएसबीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. सीडीभर, म्हणजे ७०० मेगाबाइट माहिती न्यायला त्या वेगाने जवळपास आठ मिनिटे लागत. एप्रिल २०००मध्ये आलेल्या यूएसबी २.०ने हा वेग ४८० मेगाबिटवर नेला. फोनमधली गाणी, छायाचित्रे आणि चित्रफिती केबलने नेणे त्यामुळे खऱ्या अर्थाने शक्य झाले.

पुढचा प्रश्न वेगाचा नव्हता. फोन आणि संगणक जोडलेले असताना साठवणीचा ताबा कोणाकडे असावा, हा होता. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांनी पेन ड्राइव्हची पद्धत उचलली. तिला ‘मास स्टोरेज’ म्हणतात. केबल जोडून हा पर्याय निवडला की मेमरी कार्ड संगणकात एखाद्या ड्राइव्हसारखे दिसे आणि कोणतेही खास सॉफ्टवेअर लागत नसे. मात्र एका साठवणीवर दोघांनी एकाच वेळी लिहिले तर फाइलींची नोंद बिघडते. म्हणून कार्ड संगणकाच्या ताब्यात जाताच फोनला ते सोडावे लागे. तेवढा वेळ फोनवर गाणी वाजत नसत, कार्डावर ठेवलेली अ‍ॅप बंद पडत. लिहिणे चालू असताना केबल ओढली, तर फाइली खराब होण्याची भीती असे. शिवाय विंडोजला वाचता यावे म्हणून कार्डावर फॅट ही जुनी फाइल रचना ठेवावी लागे. तिच्या फॅट-३२ या प्रकारात एका फाइलला चार गिगाबाइटची मर्यादा होती.

यावरचा तोडगा डिजिटल कॅमेऱ्यांकडून आला. छायाचित्रे उतरवण्यासाठी कॅमेऱ्यांत पीटीपी ही पद्धत होती. मायक्रोसॉफ्टने गाणी वाजवणाऱ्या उपकरणांसाठी तिचा विस्तार करून एमटीपी तयार केली आणि २००८मध्ये तिला यूएसबी मानकांत स्थान मिळाले. या पद्धतीत साठवण फोनच्याच ताब्यात राहते. संगणक फाइलींची यादी मागतो, एखादी फाइल मागतो किंवा नवी पाठवतो. प्रत्यक्ष वाचणे-लिहिणे फोन करतो. त्यामुळे फोन वापरता येत राहतो आणि त्याची आतली फाइल रचना संगणकाला कळण्याची गरज उरत नाही. २०११मध्ये अँड्रॉइड ३.०ने एमटीपी स्वीकारली. त्याच वर्षीच्या गॅलेक्सी नेक्सस फोनमध्ये मास स्टोरेजचा पर्यायच नव्हता.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. हजारो छायाचित्रांचा फोल्डर उघडायला वेळ लागतो. फोनमधली फाइल जागच्या जागी संपादित करण्यापेक्षा आधी संगणकात उतरवून घेणे सोयीचे ठरते. मॅकला एमटीपी मुळात समजत नसल्याने तिथे वेगळे सॉफ्टवेअर लागते.

पुढे सुरक्षिततेचा विचार आला. केबलमधून वीज आणि माहिती दोन्ही वाहत असल्याने अनोळखी ठिकाणी चार्ज करतानाही फोनमधली माहिती उघडी पडू शकते. २०१३च्या आयओएस ७पासून आयफोन जोडलेल्या संगणकावर विश्वास ठेवायचा का, हे विचारू लागला. २०१५च्या अँड्रॉइड ६.०पासून केबल जोडल्यावर फक्त चार्जिंग सुरू होते. फाइली पाठवण्याचा पर्याय वापरणाऱ्याने स्वतः निवडायचा असतो.

दरम्यान सॉकेटही बदलत गेले. मिनी यूएसबीनंतर २००७मध्ये मायक्रो यूएसबी आणि २०१४मध्ये दोन्ही बाजूंनी बसणारे टाइप-सी आले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचे आहे. आयफोनने ते २०२३मध्येच स्वीकारले. मात्र सॉकेटवरून वेग ठरत नाही. त्या वर्षीच्या साध्या आयफोन १५मध्ये टाइप-सी असूनही वेग यूएसबी २.०चाच होता, तर प्रो प्रकारात तो सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत होता. अर्थात त्यासाठी तितक्या क्षमतेची केबलही लागते.