राखडीचे अभ्यासक

नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला निघालेल्या नागपूरकराला देवळाच्या कळसाआधी औष्णिक वीजकेंद्राच्या, म्हणजे इथल्या भाषेत थर्मलच्या, चिमण्या दिसतात. 120 मेगावॉटचा पहिला संच इथे 1974 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी नागपुरातल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे नाव बदलून ती ‘नीरी’ झाली. हा निव्वळ योगायोग. पण वीज बनवणारे आणि अभ्यास करणारे असे शेजारी राहू लागले की कधी ना कधी एकमेकांचे दार वाजवावेच लागते.

तशी उद्योग आणि विद्यापीठ यांची सोयरीक या भागात थर्मलपेक्षा बरीच जुनी. कोराडीजवळच्या कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींतून श्रीमंत झाले आणि 1930 मध्ये मृत्युपत्राने सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठासाठी ठेवून गेले. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. या पैशातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. अमरावती रोडवरची ही ‘एलआयटी’ 2023 मध्ये स्वतःच विद्यापीठ झाली. मृत्युपत्राने दिलेल्या पैशाची एक सोय असते. देणारा निकाल मागायला परत येत नाही.

थर्मलचे तसे नव्हते. तिथे प्रश्न रोजचे आणि घाईचे.

पहिला प्रश्न लोखंडाचा. बॉयलरच्या नळ्या आणि वाफेचे जाड पाइप वर्षानुवर्षे प्रचंड दाब आणि उष्णता सोसतात. धातू आतल्या आत, डोळ्याला न दिसता, ताणला जातो. अशा भागांचे आयुष्य साधारण एक लाख तासांचे धरतात. अखंड चालवले तर साडेअकरा वर्षांत ते सरते. जुने संच त्यापुढेही चालवायचे तर नेमके किती, हे कोणी सांगायचे? केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचे मुख्यालय बंगळुरूला. पण तिचे औष्णिक संशोधन केंद्र कोराडीतच आहे, ते अशाच कामांसाठी. यातली एक पद्धत मोठी गमतीची. पाइप कापायचा नाही. त्यावरची बोटभर जागा आरशासारखी घासायची, आम्लाने हलकी खरवडायची आणि मऊ केलेली प्लॅस्टिकची पट्टी त्यावर दाबून धातूचा ठसा उचलायचा. ठसा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कणांच्या सीमांवर बारीक पोकळ्या पडल्यात का ते कळते. नाडीपरीक्षाच, फक्त रोगी लोखंडाचा.

दुसरा प्रश्न राखडीचा, आणि तो असा प्रयोगशाळेत मावणारा नव्हता. आपल्याकडच्या वीजकेंद्रांत येणाऱ्या शंभर किलो कोळशातून साधारण तीस ते चाळीस किलो राख उरते. ती पाण्यात कालवून पाइपाने बंधाऱ्यात सोडायची, ही जुनी रीत. पाणी आटले की उन्हाळ्याच्या वाऱ्यात राखड उडते आणि आसपासच्या गावांत घरांवर, कपाशीवर बसते. 14 सप्टेंबर 1999 च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान पाव हिस्सा राख मिसळणे बंधनकारक केले. नीरीच्या शास्त्रज्ञांनी कोराडीशेजारच्या खापरखेडा केंद्राच्या राखेच्या ढिगाऱ्यावर झाडे जगवून पाहिली. राखेत ना नत्र, ना सेंद्रिय अंश. म्हणून त्यांनी शेणखत घातले, नत्र धरून ठेवणारे जिवाणू दिले आणि बांबूसारखी चिवट झाडे निवडली. सुमारे दहा हेक्टरांवर हा प्रयोग झाला. झाडे जगली, तेव्हा त्यांच्या पानामुळांत कोणते जड धातू किती उतरले हेही मोजून झाले.

या सगळ्या अभ्यासात एक गोष्ट खटकते. नळी किती टिकेल, राख कुठे खपेल, ढिगारा हिरवा कसा होईल, हे बहुतेक प्रश्न केंद्राच्या सोयीचे. आमच्या विहिरीच्या पाण्यात काय आहे, हा गावकऱ्यांचा प्रश्न कोणत्याही सामंजस्य करारात सहजी बसत नाही. कारण तो विचारणाऱ्याकडे प्रकल्पनिधी नसतो.

तो प्रश्न अखेर वेगळ्याच भागीदारीतून पुढे आला. नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट, मंथन अध्ययन केंद्र आणि असर या संस्थांनी कोराडी-खापरखेडा परिसरातल्या पाण्याचे आणि राखडीचे नमुने तपासले आणि 2021 च्या अखेरीस अहवाल काढला. पाण्यात पारा, आर्सेनिक यांसारखे घटक आढळल्याचे त्यात होते. फेब्रुवारी 2022 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे इथे आले आणि याच परिसरातल्या नांदगावच्या बंधाऱ्यात राखड सोडणे थांबवण्याचा आदेश निघाला.

त्याच वर्षी जुलैत पावसाने जोर धरला आणि कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला. राखाडी गाळ शेतांतून वाट काढत नदीपर्यंत गेला.