बारशी रोड ते कुर्डुवाडी

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका मावशींनी अर्ज भरताना गावाचं नाव सांगितलं, "बारशी रोड." पोरी हसल्या. पण मावशींचं चुकलं नव्हतं. सासूच्या तोंडून ऐकलेलं तेच त्या बोलल्या. कुर्डुवाडी स्टेशनाचं जुनं नाव बारशी रोडच होतं.

कुर्डू हे जुनं गाव आणि आपली ही त्याची वाडी. मुंबईकडून आलेली जी.आय.पी. रेल्वे 1860 साली सोलापूरला पोचली. कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी मात्र बाजूला राहिली. बार्शीला जाणाऱ्यानं इथं उतरायचं आणि पुढचे पस्तीसेक किलोमीटर बैलगाडीनं जायचं. म्हणून स्टेशनाला नाव मिळालं ते दुसऱ्या गावाचं!

1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. दोन रुळांमध्ये अंतर फक्त अडीच फूट, आपल्या घराच्या दाराएवढं. पुढं ही छोटी गाडी 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेली. मोठ्या गाडीतून उतरायचं आणि छोटीत बसायचं ते कुर्डुवाडीतच. त्यामुळं इथं माल उतरू लागला, वारकरी थांबू लागले. इंजिनं आणि डबे दुरुस्त करायचा कारखाना आला, कामगारांची घरं झाली. वाडीचं शहर झालं. 1954 मध्ये ही रेल्वे सरकारनं घेतली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अडीच फुटी रूळ निघून मोठे रूळ आले.

हे सगळं पुस्तकात सापडतं. पण आम्ही गटात विचारलं, तेव्हा दोघींच्या आजेसासवा रुळाकडेला खडी वाहायला जात होत्या असं निघालं. एकीची सासू वारीच्या दिवसांत फलाटाबाहेर भाकरी-पिठलं विकायची. त्यावर तिनं चार लेकरं वाढवली. यांचं नाव कोणत्याच कागदावर नाही. मजुरी घरातल्या पुरुषाच्या हातात पडायची, म्हणून बाईचं काम हे काम धरलंच गेलं नाही.

आज आपल्या प्रत्येकीचं नाव गटाच्या वहीत आहे, पासबुकावर आहे. तशीच एक वही आम्ही या बायकांसाठी घातली आहे. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या म्हातारीजवळ बसा. तिनं आणि तिच्या सासूनं काय काम केलं, ते विचारा. पुढच्या बैठकीला सांगा, आम्ही लिहून घेऊ. सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्यात.